खेळणाऱ्या मुलीचे महाविद्यालय

बारावीचा निकाल हाती आला की सुरतेतील मराठी घरांत पहिला विचार होतो तो शाखेचा, दुसरा टक्क्यांचा आणि तिसरा घरापासूनच्या अंतराचा. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतील कुटुंब असो, की दोन-तीन पिढ्यांपूर्वी शहरात स्थिरावलेले नोकरदार घराणे असो, या क्रमात फारसा फरक पडत नाही. मुलगी खेळाडू असली तर आणखी एक विचार व्हावयास हवा: या महाविद्यालयात तिला खेळता येईल काय? तो मात्र बहुधा होतच नाही. शाळेच्या संघातून खो-खो किंवा कबड्डी खेळलेली, 'खेल महाकुंभा'च्या निमित्ताने तालुक्या-जिल्ह्याची मैदाने पाहून आलेली मुलगी जून महिन्यात महाविद्यालयात जाते, आणि दिवाळीपर्यंत तिचे मैदान सुटलेले असते. 'खेळ सोड' असे घरात कोणीही म्हटलेले नसते. अर्ज भरताना ती बाब कोणाच्या ध्यानात आलेली नसते, एवढेच.

या लेखाचा हेतू मर्यादित आहे. खेळणाऱ्या मुलीसाठी महाविद्यालय निवडताना पालकांनी काय पाहावे, कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणत्या मोहांपासून सावध राहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रत्येक मुलगी देशासाठी खेळेल असे नाही. परंतु सतराव्या वर्षी जी गोष्ट तिला उत्तम येते, ती अठराव्या वर्षी केवळ अनवधानाने हातून जाऊ नये, इतकी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.

परदेशातील एक उदाहरण

दि. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन भरले असता, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पाच खेळांचा समावेश करण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे साहजिकच क्रिकेटचा गाजावाजा झाला. त्याच निर्णयाने 'लक्रॉस' नावाचा खेळही ऑलिम्पिकमध्ये परतला. १९०४ आणि १९०८ साली तो तेथे पुरुषांसाठी खेळला गेला होता. स्त्रियांना ही संधी प्रथमच मिळणार आहे.

लक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींचा खेळ. टोकाला जाळीची झोळी असलेली काठी हाती घ्यावयाची, त्या झोळीत रबरी चेंडू झेलावयाचा, धावता धावता तो सांभाळावयाचा आणि समोरच्या जाळ्यात मारावयाचा. मुलींचा हा खेळ १८९० साली स्कॉटलंडमधील सेंट लेनर्ड्स या शाळेत सुरू झाला आणि तेथून अमेरिकेत पोहोचला. अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींच्या संघात मैदानावर बारा जणी असतात. ऑलिम्पिकसाठी निवडलेल्या प्रकारात सहा.

हे उदाहरण येथे देण्याचे कारण असे की, महाविद्यालयाची निवड आणि मुलीचा खेळ या दोन गोष्टी एकत्र ठेवून विचार करण्याची रीत अमेरिकेत पक्की रुजली आहे. ती आपोआप रुजली नाही. १९७२ साली तेथे कायदा झाला की, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही. त्या सुमारास तेथील माध्यमिक शाळांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांच्या आत होती; २०१८-१९ मध्ये ती चौतीस लाखांच्या घरात गेली. महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करावे लागले, आणि संघ उभे राहिल्यावर पालकही महाविद्यालय पाहताना मैदान पाहू लागले. आपल्यापैकी अनेकांचे आप्त न्यू जर्सी वा टेक्ससमध्ये आहेत. त्यांच्या मुलींच्या बाबतीत हा विषय अकरावीतच सुरू होतो, कारण लक्रॉसच्या प्रशिक्षकांना अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपासून खेळाडूंशी थेट बोलणी करण्याची मुभा आहे.

तेथील अनुभवातून तीन गोष्टी आपल्याही उपयोगी पडाव्यात. पहिली गोष्ट, संस्थेच्या नावापेक्षा प्रशिक्षक मोठा. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने बंद पडलेला आपला महिला लक्रॉस संघ २००२ साली नव्याने उभा केला. अवघ्या तीन वर्षांत, २००५ साली, तो राष्ट्रीय विजेता झाला आणि २००९ पर्यंत सलग पाच वेळा विजेता राहिला. त्या खेळाची जुनी परंपरा पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांची होती. नॉर्थवेस्टर्नकडे होती ती केली अमोंटे हिलर ही प्रशिक्षिका आणि तिची शिस्त.

दुसरी गोष्ट, शिष्यवृत्तीवर सारी भिस्त ठेवू नये. हार्वर्ड, येल आदी आठ नामवंत विद्यापीठांचा जो गट आहे तो खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. महाविद्यालयीन क्रीडेच्या तिसऱ्या श्रेणीतील शेकडो संस्थाही देत नाहीत. तरीही तेथे हजारो मुली खेळतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तेथील जाणते लोक पालकांना विचारतात: उद्या मुलीचा पाय मोडला आणि पुन्हा खेळता आले नाही, तरीही ती या महाविद्यालयात आनंदाने शिकेल काय? उत्तर नकारार्थी असेल तर ती निवड चुकीची. हा प्रश्न सुरतेतही तितकाच लागू आहे.

आपली परंपरा

लक्रॉसची काठी आपल्या मुलींच्या हाती नाही. पण धावणे, हुलकावणी देणे, क्षणात दिशा बदलणे आणि सहकाऱ्याच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवणे हे सारे खो-खोत आहे. आणि खो-खोच्या बाबतीत गुजरातेतील मराठी समाजाला परका म्हणता येणार नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधण्यास आरंभ केला, आणि १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रो. माणिकराव यांचे नाव ठाऊक नाही असे जुने मराठी घर बडोद्यात सापडणे कठीण. दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत सिद्ध केला तोही बडोद्यातच. खो-खोसाठी पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली बडोद्याच्या सुधीर परब यांना मिळाला. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, तो गुजरातच्या अचला देवरे यांना मिळाला. खो-खोत हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

ही केवळ जुनी पुण्याई नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, आणि त्याच संघात आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्यातील ओपिना भिलार होती. डांगमधीलच सरिता गायकवाड आधी खो-खो खेळत असे. पुढे ती धावण्याकडे वळली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होती. एका खेळात कमावलेले पाय दुसऱ्या खेळात कामी येतात, ते असे. सुरतेहून काही तासांच्या अंतरावरील डोंगराळ मुलुखातून या मुली पुढे आल्या. मैदान, व्यायामशाळा आणि डॉक्टर हाताशी असलेल्या शहरातील मुलीने प्रवेशाच्या अर्जापाशीच थांबावे, हे मनाला पटत नाही.

विद्यापीठ आधी, महाविद्यालय नंतर

महाविद्यालयीन खेळाची रचना पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. ती समजली की निवड सोपी होते. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. त्या स्पर्धांतून व निवड चाचण्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात गुजरात, महाराष्ट्र, गोवा, राजस्थान आणि मध्य प्रदेश येथील विद्यापीठांशी खेळतो. आणि तेथून पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. हा सारा व्यवहार भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांनी चालतो. २०२० पासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या आहेत.

यातून पहिली व्यवहार्य गोष्ट निघते ती ही की, या स्पर्धांत नियमित, पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थिनीलाच खेळता येते, आणि वयाची मर्यादा साधारणतः पंचविशीची आहे. आपल्या समाजातील कित्येक घरांत, विशेषतः जेथे मुलगी लहानमोठी नोकरी करून घराला हातभार लावते तेथे, 'एक्स्टर्नल' म्हणून परीक्षा देण्याचा मार्ग पत्करला जातो. तो मार्ग वाईट नाही. कित्येकांनी त्यावरूनच पदवी मिळविली आहे. परंतु आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार त्याने बंद होते, हे आधी माहीत असले पाहिजे.

दुसरी गोष्ट, महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी जोडलेले आहे ते पाहावे. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६७ साली स्थापन झाले. सुरत, नवसारी, वलसाड, तापी, डांग, भरूच अशा विस्तीर्ण प्रदेशातील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली येत गेली. त्याच्या संघात स्थान मिळविणे म्हणजे डांगच्या चपळ मुलींशी स्पर्धा करणे. ती स्पर्धा कठीण, पण खेळ सुधारणारी. उलटपक्षी अलीकडे सुरतेत व आसपास खाजगी विद्यापीठेही निघाली आहेत. त्यांतील विद्यार्थिनींची संख्या कमी असल्याने विद्यापीठाच्या संघात शिरकाव तुलनेने सोपा असतो. मात्र संघ दुबळा असला तर पहिल्याच सामन्यानंतर घरची गाडी धरावी लागते, आणि शुल्कही मोठे असते. कसदार संघातील राखीव जागा बरी की दुबळ्या संघातील हमखास जागा, याचे उत्तर प्रत्येक मुलीपुरते वेगळे. ज्या मुलीला खेळाचीच वाट धरावयाची आहे तिने पहिली पत्करावी; जिला खेळ हा आयुष्याचा एक आनंद म्हणून जपावयाचा आहे तिला दुसरीत अधिक समाधान लाभेल.

महाविद्यालयात जाऊन काय पाहावे

माहितीपत्रकात चषकांची छायाचित्रे असतात. त्यावरून निर्णय करू नये. शक्य तर सायंकाळी साडेपाचच्या सुमारास महाविद्यालयात जावे आणि मैदानावर मुली खेळताहेत की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मैदान रिकामे असेल, किंवा तेथे केवळ मुलांचे क्रिकेट चालू असेल, तर पुढचे बरेच प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. पावसाळ्यात सराव कोठे होतो हेही विचारावे. सुरतेचा पाऊस जून ते सप्टेंबर मैदान हाती लागू देत नाही, आणि स्पर्धांचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो.

क्रीडाशिक्षकांना भेटून पुढील गोष्टी शांतपणे विचाराव्यात. मुलींचा संघ गेल्या तीन वर्षांत दरवर्षी उतरला काय? त्यांतील किती मुली पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत टिकल्या? सराव आठवड्यातून किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली होतो? बाहेरगावी संघ जातो तेव्हा सोबत स्त्री-व्यवस्थापक असते काय? प्रवासखर्च आणि गणवेश कोण देते? स्पर्धेच्या दिवसांत हजेरी व अंतर्गत परीक्षा यांची सोय कशी लावली जाते? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण आता सहामाही सत्रपद्धतीत तोच निर्णायक ठरतो. स्पर्धा आणि परीक्षा एकाच पंधरवड्यात आल्या आणि महाविद्यालयाने हात झटकले, तर मुलगी खेळ सोडील किंवा वर्ष गमावील. बहुधा खेळच सोडील.

याहून मोलाची माहिती त्या संघातील मुलींकडून मिळते. आईने मुलीला सोबत घेऊन दोघी-तिघी खेळाडूंशी दहा मिनिटे बोलावे. सर रागावतात कसे, दुखापत झाली तर काय करतात, रात्री परतायला उशीर झाला तर कोण सोडते, या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात मिळत नाहीत.

सुरक्षिततेचा प्रश्नही दबक्या आवाजात नव्हे, सरळ विचारावा. २०२३ साली दिल्लीत महिला कुस्तीपटूंनी केलेल्या आंदोलनानंतर तो कोणाही पालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्या समितीवरील सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत काय हे पाहावे. भीतीपोटी मुलीला घरी बसविणे हा त्या प्रश्नावरील उपाय नव्हे. जेथे प्रश्न विचारल्यास नीट उत्तर मिळते अशी संस्था निवडणे, हा उपाय आहे.

पुणे की सुरत?

आपल्या घरांतून आणखी एक विचार हमखास डोके वर काढतो. मुलगी खो-खोत चमकते आहे, तर तिला पुण्यालाच का पाठवू नये? मावशी तेथे आहे, भाषा आपली आहे, खेळाची परंपराही मोठी आहे. हे सारे खरे. परंतु महाराष्ट्राचा महिला संघ वर्षानुवर्षे राष्ट्रीय स्पर्धांत अग्रस्थानी राहिला आहे. तेथे जिल्ह्याच्या संघात येण्यासही मोठी चढाओढ आहे. गुजरातमधून खेळणाऱ्या मुलीला राज्याच्या संघाची वाट अधिक मोकळी असू शकते.

दुसरे असे की, महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु त्यासाठी त्या राज्याचा अधिवास लागतो. सुरतेत जन्मलेल्या, येथेच शिकलेल्या मुलीने पुण्यात तीन वर्षे वसतिगृहात काढली म्हणून तो आपोआप मिळत नाही. रेल्वेसारख्या केंद्रीय सेवांतील खेळाडूंची भरती मात्र अशा अधिवासावर अवलंबून नसते. म्हणून पुण्याला पाठवावयाचे तर ते तेथील विशिष्ट प्रशिक्षकासाठी वा संघासाठी पाठवावे. 'आपल्या लोकांत जाते आहे' या समाधानासाठी नव्हे. आणि शारीरिक शिक्षणाचीच पदवी घ्यावयाची असेल तर दृष्टी पुण्यापुरतीही मर्यादित ठेवू नये. अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि ग्वाल्हेरची, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने १९५७ साली सुरू झालेली संस्था, या दोन्ही जागा मराठी माणसाला परक्या नाहीत.

घराची जबाबदारी

महाविद्यालय कितीही चांगले असले तरी खेळ टिकतो तो घरातील वेळापत्रकावर. सकाळचे वर्ग, दुपारी शिकवणी, सायंकाळी मैदान आणि रात्री अभ्यास या क्रमात स्वयंपाकघरातील कामाचा वाटा मुलीच्या भावानेही उचलला पाहिजे. महाविद्यालय घरापासून दीड तासाच्या अंतरावर असेल, तर येण्याजाण्यातच मैदानाचा वेळ जातो; अशा वेळी किंचित कमी नावाचे, पण जवळचे महाविद्यालय अधिक श्रेयस्कर.

आहाराकडे लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातमधील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ६५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. 'हल्ली लवकर दमते, खेळ झेपत नाही' असे ज्या मुलीविषयी म्हटले जाते तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दोष पुष्कळदा खेळाचा नसून लोहाच्या कमतरतेचा असतो. बाजरीची भाकरी, पालेभाज्या, कडधान्ये, गूळ-शेंगदाणे हे आपल्या घरचेच पदार्थ आहेत; चालत असेल तेथे अंडी. मात्र रक्तक्षय ठरला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधच घ्यावे. गुडघ्याच्या दुखापतीविषयीही सावध असावे. धावता धावता एकाएकी वळावे लागणाऱ्या खेळांत गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळते. मांड्यांचे स्नायू बळकट करण्याचा आणि उडीनंतर नीट उतरण्याचा व्यायाम जेथे नियमित करून घेतला जातो, ते महाविद्यालय जाणते समजावे.

आता पुन्हा तो जुना प्रश्न. उद्या खेळणे थांबले तर? म्हणूनच विषयाची निवड खेळासाठी मोडू नये. ज्या मुलीला वाणिज्य शाखा आवडते तिने वाणिज्यच घ्यावे. ज्या संस्थेत तिचा विषय चांगला शिकविला जातो आणि जेथे मुलींचा संघ खरोखर उभा राहतो, अशी जागा शोधावी. दोन्ही एकाच ठिकाणी पूर्णपणे मिळत नाहीत, तेव्हा तडजोड करावी लागते. ती तडजोड पालकांनी परस्पर करू नये. बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मुलीला समोर बसवून विचारावे: तुला किती खेळायचे आहे? रोज, की आठवड्यातून दोनदा? राज्यासाठी, की मैत्रिणींसोबत? तिचे उत्तर काहीही असो, ते तिचे असावे. ती म्हणाली की आता पुरे, तर तेही मानावे. आणि ती म्हणाली की खेळायचे आहे, तर अर्जावर महाविद्यालयाचे नाव लिहिण्यापूर्वी एका सायंकाळी तिला घेऊन ते मैदान पाहून यावे.